दोन रुपये पान

मराठी माणूस काही याद्या डोळ्यांत तेल घालून वाचतो. आहेराच्या वहीत कुणाच्या नावापुढे किती लिहिले आहेत, सोसायटीच्या फळ्यावर मेंटेनन्स थकवणाऱ्यांत या महिन्यात कोण चढलं, वाचनालयाच्या निवडणुकीत कुणाला किती मतं पडली, हे त्याला वर्षानुवर्षं तोंडपाठ असतं. पण ज्या यादीत तो स्वतः आहे, त्याची बायको आहे, वारलेले वडील अजून आहेत आणि कधीच घर सोडून गेलेला भाडेकरू सहकुटुंब आहे, ती मतदार यादी तो उघडून बघत नाही. तिची आठवण थेट मतदानाच्या दिवशी. सकाळी लवकर अंघोळ उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून, व्हॉट्सअ‍ॅपच्या सगळ्या ग्रुपवर ‘आधी मतदान, मग नाश्ता’ असं टाकून काका शाळेच्या रस्त्याला लागतात. रस्त्यात छत्रीखाली टेबल टाकून पोरं बसलेली असतात. त्यांतला एक जण यादीवर पट्टी ठेवून ती खाली खाली सरकवतो आणि म्हणतो, “काका, काकूंचं आहे. तुमचं नाय.”

यानंतर काका लोकशाहीविषयी जे बोलतात ते कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या अंकात छापता येत नाही. त्याचा सारांश असा की, हे सगळं गुपचूप केलेलं आहे.

गंमत म्हणजे यात गुपचूप काहीच नसतं. मतदार यादी हा या देशातला बहुधा सर्वांत उघडा दस्तऐवज असावा. १९६० चे मतदार नोंदणी नियम काढून बघा. (कुणी काढत नाही, म्हणून मीच सांगतो.) त्यांतला ३३ वा नियम असा की, नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात ठेवलेली यादी आणि तिच्यासोबतचे कागद तपासून बघायचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे, आणि मुख्य निवडणूक अधिकारी ठरवतील ती फी भरून त्यांची साक्षांकित नक्कल घेण्याचाही आहे. प्रत्येक व्यक्तीला! त्या मतदारसंघाचा मतदारच हवा, अशीही अट नाही. उद्या सांगलीच्या माणसाला वाटलं की चंद्रपूरच्या यादीतली नावं वाचून दुपार घालवावी, तर कायदा त्याच्या पाठीशी उभा आहे.

त्याच नियमांत दुसरी एक तरतूद आहे. मान्यताप्राप्त पक्षांना यादीच्या दोन प्रती विनामूल्य द्यायच्या. थोडक्यात, ज्याला मतं हवीत त्याला यादी फुकट, आणि ज्याचं मत आहे त्यानं नक्कल फी भरायची. याबद्दल कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही, कारण मोर्चे काढणाऱ्यांना त्या दोन प्रती मिळालेल्या असतात.

फी किती, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे. माहितीच्या अधिकारात सरकारी कागदाच्या झेरॉक्सचा दर पानाला दोन रुपये आहे. तोच दर धरून एक हिशेब करू. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीला महाराष्ट्रात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते. यादीच्या एका भरलेल्या पानावर तीस चौकटी बसतात. म्हणजे सगळ्या राज्याची यादी झाली बत्तीस लाख पानांच्या वर. दोन रुपयांनी पासष्ट लाख रुपये. ठाण्यात वन बीएचके घ्यायचा की अख्ख्या महाराष्ट्राची मतदार यादी, असा प्रश्न मध्यमवर्गीय जोडप्यापुढे उभा राहू शकतो. त्यात यादीचे गठ्ठे एकावर एक रचले तर थप्पी कुतुबमिनाराच्या चौपटीहून उंच होईल, म्हणजे ते ठेवायला वन बीएचके घ्यावा लागेलच.

पण सामान्य माणसाला बत्तीस लाख पानं नको असतात. त्याला एक पान हवं असतं, त्याचं. आणि ते पान एकदा निवांत बघण्यासारखं असतं, याची मी खात्री देतो.

आमच्या भागाचं पान माझ्यासमोर आहे. उभ्या तीन ओळी, प्रत्येकीत दहा चौकटी. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात अनुक्रमांक, बाजूला ओळखपत्राचा क्रमांक. खाली नाव, आडनाव आधी. मग वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. उजव्या हाताला फोटोची रिकामी चौकट आणि तिच्यात ‘छायाचित्र उपलब्ध’ असा दिलासा. फोटो आहे, पण तो तुम्हाला दाखवणार नाही. ज्यांनी स्वतःचा मतदार ओळखपत्रावरचा फोटो पाहिला आहे, ते या धोरणाला सरकारची दयाबुद्धी म्हणतील.

घर क्रमांकाच्या रकान्यात काय नाही! कुठे शून्य. कुठे आडवी रेघ. कुठे ‘मारुती मंदिरामागे’. आमच्या चार मजली इमारतीतली निम्मी माणसं एकाच घरात राहतात, असं यादी म्हणते. आणि पाण्याच्या पाळीवरून होणारी भांडणं ऐकली तर यादीचं म्हणणं अगदीच चूक आहे असं नाही. नावांचं म्हणाल, तर ती आधी इंग्रजीत भरली जातात आणि मग संगणक त्यांचं मराठी करतो. संगणकाला लहानपणी बाराखडी कुणी शिकवलेली नसते. त्यामुळे गाडे गडे होतात, काळे काले होतात आणि पिढीजात सातारकर असलेले पाटील ‘पतिल’ होऊन परदेशी दिसू लागतात. एका चौकटीत एका गृहस्थांच्या पतीचं नाव सुमन आहे. ते गृहस्थ सांगतात की इतकी वर्षं झाली, घरातली वस्तुस्थिती सरकारने एवढ्या अचूकपणे दुसरीकडे कुठेच नोंदलेली नाही.

काही चौकटींवर तिरका शिक्का असतो, नाव वगळल्याचा. काहींच्या क्रमांकाशेजारी मुंग्यांच्या रांगेसारखी जाळीची खूण असते, म्हणजे या नोंदीत दुरुस्ती झाली. शेवटी पुरवणी. नवीन आलेले, वगळलेले, सुधारलेले सगळे तिथे. यादी वाचायची तर पुरवणीपासून मागे वाचावी, असं मुरलेले कार्यकर्ते सांगतात. अर्थ सगळा तळटिपेत असतो, हे विमा पॉलिसी घेतलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

नाव जसं आहे तसं यादीत असावं, यासाठी या देशात मोठी लढाई झालेली आहे, आणि ती पहिल्याच निवडणुकीत झाली. १९५१-५२ साली मतदार होते सुमारे १७ कोटी ३० लाख. नावनोंदणी करणारे दारात गेले तेव्हा, विशेषतः उत्तरेकडच्या राज्यांत, अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन हे गणिताचे विद्यार्थी. त्यांना ‘अमक्याची आई’ ही राशी मान्य होईना. नाव सांगा, नाहीतर नाव नाही, असा त्यांचा बाणा. शेवटी सुमारे २८ लाख नावं यादीबाहेर गेली. २८ लाख बायकांचं मत एका लाजेपायी गेलं, की एका नियमापायी, यावर वाद घालता येईल. मला सेनसाहेबांची बाजू पटते. पुढच्या निवडणुकीत बायकांनी नावं सांगायला हवीत, तर या निवडणुकीत कुणीतरी अडून बसायलाच हवं होतं.

आपल्याकडे अडचण उलट्या बाजूने येते. इथे बाईला नावं दोन असतात. लग्नाआधीचं नगरच्या यादीत, लग्नानंतरचं डोंबिवलीच्या यादीत. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही वेगळी. संगणकाच्या लेखी या दोन स्वतंत्र स्त्रिया आहेत. नवरा मात्र दोन्हीकडे तोच चेहरा घेऊन फिरतो आणि ‘दुबार’ म्हणून पकडला जातो. २०२६ च्या महापालिका निवडणुकांआधी या दुबार नावांवरून एवढा गदारोळ झाला की राज्य निवडणूक आयोगाने अशा संभाव्य नावांपुढे दोन चांदण्या छापल्या. आपल्या नावापुढे दोन चांदण्या बघून आमच्या शेजारच्या तात्यांना आधी वाटलं, ज्येष्ठ नागरिक म्हणून काही मान दिलाय. मग बूथवर हमीपत्र लिहून द्यावं लागेल असं कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

इथे एक घरगुती माहिती देऊन ठेवतो, कारण अर्धं भांडण तिच्या अभावातून होतं. आयोग दोन आहेत. लोकसभा आणि विधानसभा केंद्राचा आयोग बघतो, ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत राज्याचा. यादी मात्र एकच. राज्याचा आयोग विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागांत ‘फोडतो’. त्यात नवीन नाव घालणं किंवा असलेलं काढणं हे त्याचं काम नाही. त्यामुळे नाव गेलं म्हणून तुम्ही तक्रार घेऊन गेलात, तर एक म्हणतो यादी आमची नाही, आणि दुसरा म्हणतो ही निवडणूक आमची नाही. दोघंही शब्दशः खरं बोलतात. सरकारी खात्यांनी एकाच वेळी दोन्हीकडून खरं बोलावं, असे प्रसंग थोडेच.

तर, आपलं एक पान.

ते घ्यायला निवडणूक शाखेत गेलं तर बाराही महिने निवडणूक असते असं नाही, हे पहिल्यांदा कळतं. हंगाम नसला की त्या टेबलावर दुसरंच काहीतरी चालू असतं. निराधार योजनेचे अर्ज, नाहीतर कुठल्याशा बैठकीची चहाची बिलं. ज्या कार्यालयाचं मी सांगतोय त्याचं नाव घेत नाही, कारण तिथली माणसं भली होती.

“मॅडम, मतदार यादीची नक्कल हवी होती.”

“कुठल्या पक्षाकडून आलात?”

“कुठल्याच नाही. मतदार आहे.”

मॅडमनी चष्मा वर केला. पक्षाचा माणूस, उमेदवाराचा माणूस, पत्रकार, फार तर वकील, एवढे प्रकार त्यांच्या पाहण्यात होते. नुसता मतदार आलेला त्यांच्या नोकरीत पहिलाच असावा.

“अख्खी विधानसभा हवी की भाग?”

“एकच पान. आमचं.”

“एक पान देता येत नाही हो. भाग घ्या.” (भाग म्हणजे एका मतदान केंद्राची यादी.)

“फी किती?”

या प्रश्नावर शाखेत शांतता पसरली. मॅडमनी पलीकडच्या टेबलाकडे बघितलं, त्या टेबलाने वर पंख्याकडे. दर आहे, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. तो किती आहे ते परिपत्रकात होतं. परिपत्रक फायलीत, फाईल कपाटात, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते प्रशिक्षणाला गेलेले. शिवाय पैसे घ्यायचे तर पावती फाडायला हवी, पावती पुस्तक रोखपालाकडे, आणि रोखपाल दोन रुपयांसाठी पुस्तक उघडत नाही असा त्याचा लौकिक. शेवटी मॅडमना माझी दया आली. म्हणाल्या, “काका, कशाला पैशाच्या भानगडीत पडता? यादी इथं बसून बघा. मोबाईलवर फोटो काढून घ्या हवा तर.”

शासनाने नागरिकाचे पैसे वाचवल्याचं हे उदाहरण मी आवर्जून नोंदवतो. मी फोटो काढला. त्यात टेबलावरचा चहाचा कप आला आणि अनुक्रमांक ३४१ ते ३४३ त्याच्याखाली गेले.

बाहेर पडलो तर फाटकाशेजारी झेरॉक्सचं दुकान. दुकान म्हणजे एक मशीन, एक जुना संगणक आणि मागे लक्ष्मीची तसबीर. तिथल्या पोराला नुसतं विचारलं, “मतदार यादी मिळेल का?” त्याने मान वर न करता विचारलं, “भाग क्रमांक?” सांगितला. पडद्यावर त्याने एक फोल्डर उघडलं. आत सगळा तालुका, भागवार, क्रमाने लावलेला. इच्छुक उमेदवार प्रिंट काढायला तिथेच येतात. एकाने आणलेली सीडी पुढच्या सगळ्यांच्या कामी आलेली. “पाच रुपये पान. दोन्ही बाजूंनी घेतलं तर आठ. बाइंडिंग वेगळं.” हा दर पुठ्ठ्यावर लाल अक्षरांत लिहून भिंतीला लटकवलेला होता, किल्लीबिल्लीची गरज नव्हती. एक पान द्यायलाही त्याची हरकत नव्हती.

आमच्या ओळखीतले एक निवृत्त बँक अधिकारी हे ऐकून संतापले. अशा वेळी माहितीचा अधिकार वापरायचा असतो, असं त्यांचं मत. त्यांनी वापरलाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो आणि विषय एकच असावा लागतो. बँकेत आयुष्यभर कर्जदारांना पत्रं लिहिलेल्या माणसाला दीडशे शब्दांत थांबवणं ही क्रूरताच, पण त्यांनी ते केलं. मुदतीत उत्तरही आलं. उत्तर असं की, मागितलेली माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे.

आहेच. इथे मी आयोगाला पूर्ण गुण देतो. घरबसल्या, एक पैसा न देता, कुठल्याही भागाची यादी उतरवून घेता येते. राज्य निवडा, जिल्हा निवडा, मतदारसंघ निवडा, भाषा निवडा. मग कॅप्चा येतो. वाकडीतिकडी सहा अक्षरं, वरून रेघोट्या मारलेली. शून्य की ओ, पाच की एस, एल की आय? चष्मा लावून, चष्मा काढून, नातवाला हाक मारून ती वाचायची. चुकलात तर नवीन सहा अक्षरं. आपण माणूसच आहोत, यंत्र नाही, हे सिद्ध करायला साठी उलटलेल्या माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात यंत्राने बहुधा दहा भाग उतरवले असतील.

आणि उतरवलेली यादी म्हणजे काय? चित्र. प्रत्येक पानाचा फोटो. त्यात नाव टाकून शोधता येत नाही. हजार-बाराशे नावांतून आपलं नाव शोधायला बोट पडद्यावरून फिरवायचं, शाळेसमोरच्या टेबलावरच्या पोराने पट्टी फिरवली तसं. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१८ मध्ये मध्य प्रदेश काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष कमलनाथ यांनी, शोधता येईल अशी यादी द्या, म्हणून याचिका केली. ती फेटाळली गेली. यादी कुठल्या स्वरूपात द्यायची ते आयोगाने ठरवावं. ज्याला ती शोधण्याजोगी हवी असेल त्याने स्वतः खटपट करून तशी करून घ्यावी, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. आयोगाची बाजू खाजगीपणाची. कोट्यवधी लोकांची नावं, वयं, पत्ते यंत्राला एका घासात गिळता येतील अशी द्यायची का? हा प्रश्न खोटा नाही. २०२५ मध्ये मात्र बिहारच्या मतदार याद्यांच्या फेरतपासणीत सुमारे ६५ लाख नावं प्रारूप यादीबाहेर राहिली, तेव्हा त्याच न्यायालयाने सांगितलं की वगळलेली नावं कारणांसह जाहीर करा आणि ओळखपत्राच्या क्रमांकाने शोधता येतील अशी करा. आणि ती तशी झालीही. म्हणजे करता येतं.

माझी शंका एवढीच की, चित्राचं हे कुलूप नक्की कुणासाठी आहे. कारण इच्छुक उमेदवाराच्या पोराच्या मोबाईलवर जे अ‍ॅप असतं, त्यात आमचं नाव टाकलं की एका क्षणात घर, मजला, बूथ, खोली सगळं येतं, आणि घरातल्या पाच मतांचा हिशेबही. खटपट त्यांची करून झालेली असते. कुलपाच्या बाहेर राहतात काका, आणि त्यांचा नातू.

परदेशात काय करतात? आपली माणसं आता सगळीकडे असल्याने हे घरबसल्या कळतं. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा भाव निराळा. ओहायोची यादी कुणीही संगणकावर फुकट उतरवून घ्यावी, नॉर्थ कॅरोलिनाचीही. विस्कॉन्सिनमध्ये अख्ख्या राज्याच्या यादीला साडेबारा हजार डॉलरपर्यंत मोजावे लागतात, म्हणजे दहा लाखांवर रुपये. ओहायोच्या यादीत तर कोण कुठल्या निवडणुकीला मतदान करून आला, हेही असतं. कुणाला दिलं ते नाही, पण गेला होता की नाही ते आहे. ही पद्धत आपल्याकडे आणली तर मतदानाच्या दिवशी माथेरानला जाऊन सोमवारी कचेरीत बोटाला मार्करची शाई लावून येणाऱ्यांची पंचाईत होईल.

इंग्लंडची तऱ्हा मला सर्वांत आवडली. तिथे यादी दोन. पूर्ण यादी सामान्य माणसाला विकत मिळत नाही, पण बघता येते. समोर कर्मचारी बसलेला, आणि टिपणं फक्त हाताने लिहून घ्यायची. फोटो नाही, झेरॉक्स नाही. दुसरी ‘खुली’ यादी, जिच्यातून आपलं नाव काढून घेता येतं, ती कुणालाही विकत मिळते: संगणकावर हवी तर वीस पौंड, वर दर हजार नावांना दीड पौंड. हे दोन प्रकार उगीच झाले नाहीत. वेकफील्डच्या एका मतदाराने, माझं नाव-पत्ता तुम्ही जाहिरातवाल्यांना विकता, म्हणून नगरपालिकेला कोर्टात खेचलं आणि २००१ मध्ये तो जिंकला. आपल्याकडे असा खटला उभा राहणं कठीण. आपला माणूस आधी विचारेल, विकता ना, मग आमचे पैसे कुठे?

खाजगीपणाची आपली कल्पनाही वेगळी. नाव, पत्ता, मोबाईल नंबर आपण मॉलमधल्या लकी ड्रॉच्या डब्यात हसत टाकतो. यादीत झोंबतं ते वय. स्थळं जुळवणाऱ्या आमच्या एका परिचित बाई मुलाकडच्यांनी सांगितलेलं वय मतदार यादीवर पडताळून घेतात. एकतीस सांगितलेला मुलगा यादीत छत्तीसचा निघाला, अशी दोन लग्नं त्यांनी वेळीच थांबवली आहेत. सरकारी यादीचा समाजाला याहून थेट उपयोग मी तरी पाहिलेला नाही.

आणि तरी यादीत जे खरं चुकतं ते कुणी सुधारत नाही. आजोबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. यादीत आहेत, वय दरवर्षी वाढतं, आता एकशे चारपर्यंत आलंय. नाव वगळायला फॉर्म ७ भरायचा असतो, मृत्यूचा दाखला जोडून. पण भरणार कोण? थोरल्याला वाटतं धाकट्याने भरावा. धाकट्याच्या मनात येतं की वडिलांचं नाव आपल्या हाताने काढायचं, हे बरं दिसत नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) म्हणून येणाऱ्या अंगणवाडीताई दुपारी येतात तेव्हा दाराला कुलूप असतं, आणि असलंच कुणी घरात तर “आम्हाला काही नको” म्हणून दार अर्धवट लावून घेतात. मग मतदानाच्या दिवशी आजोबांच्या नावावर कुणी मत टाकून गेलं की हेच घर सगळ्यांत मोठ्याने ओरडतं.

गोव्यातल्या आणि इंदूर-बडोद्याच्या आपल्या मंडळींना यादी वेळीच बघण्याचा धडा सक्तीने मिळाला. २०२५ च्या अखेरीस तिथे विशेष सखोल फेरतपासणी लागली आणि आधीच्या फेरतपासणीच्या, वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या यादीत स्वतःचं नाहीतर आईबापांचं नाव शोधून द्यायची वेळ आली. जुन्या याद्या म्हणजे स्कॅन केलेली पुसट पानं. तेव्हा आपण कुठल्या वाड्यात भाड्याने होतो, मतदान कुठल्या शाळेत होतं, यावर घराघरांत परिसंवाद झाले. जी यादी दोन रुपयांना कुणी घेत नव्हतं, ती रात्री दोन वाजता जागून वाचली गेली.

माझ्या मागण्या दोनच, आणि दोन्ही स्वस्त आहेत. नकलेची फी किती, ती कुणी घ्यायची आणि पावती कोण देणार, हे निवडणूक शाखेच्या दारावर पाटी लावून लिहावं. झेरॉक्सवाल्याकडे पुठ्ठा उरलेला आहे, तो देईल. आणि निदान आपल्या भागाची यादी तरी मतदाराला नाव टाकून शोधता यावी.

तोवर एक करा. प्रारूप यादी लागल्याची दोन ओळींची बातमी पेपरात आतल्या पानावर येते, तेव्हा ती वाचा आणि आपलं पान काढून बघा. हरकतींना मुदत असते आणि ती संपते. नवीन नावाला फॉर्म ६, वगळायला ७, दुरुस्तीला आणि पत्ता बदलायला ८. खोटी माहिती लिहिलीत तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते, तेव्हा शेजाऱ्यावरचा राग फॉर्म ७ वर काढू नका. काही अडलं तर १९५० या क्रमांकावर फोन लावा. या तिन्ही अर्जांना फी नाही, एक रुपयासुद्धा नाही. सोबतच्या झेरॉक्सचे पाच रुपये मात्र सुटे न्या, तो पोरगा सुटे देत नाही.